एमटीबीचे पार्ट बदलताना: आधी मापं, मग पैसे

२७.५ इंची चाकं, पुढे तीन आणि मागे सात गिअर, डिस्क ब्रेक. अशी सुरुवातीच्या किमतीतली एमटीबी (माउंटन बाइक) घेतली की वर्षभरात एक विचार हमखास डोक्यात येतो. पुढची तीन दातेरी चक्रं काढून एकच ठेवू आणि मागे मोठी कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) बसवू. कॅसेट आणि डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) मागवले जातात. चाक उघडल्यावर कळतं की हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) कॅसेट बसतच नाही, कारण तिथे आट्यांवर चढवलेलं फ्रीव्हील आहे. म्हणजे मागचं चाक नवं. शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) बदलायचा तर तो ब्रेकच्या लिव्हरशी एकाच तुकड्यात जोडलेला, म्हणून लिव्हरही नवी. पुढची चक्रं क्रँकला (पॅडलच्या दांड्याला) रिबेट मारून बसवलेली, म्हणून क्रँकसेट नवा, आणि त्याच्याबरोबर बहुधा बॉटम ब्रॅकेटही (क्रँक ज्यावर फिरतो ते बेरिंग). दोन वस्तूंचा खर्च सात वस्तूंवर जातो.

एमटीबीचा कुठलाही पार्ट एकटा येत नाही. त्याच्या मागून काय काय येणार हे आधी माहीत असेल, तरच तो स्वस्त पडला की महाग हे ठरवता येतं.

अर्धा तास मापांसाठी

वर्निअर कॅलिपर, टॉर्च आणि वही घ्या. सायकल उलटी करा आणि पुढच्या गोष्टी लिहून काढा. हा कागद फोनमध्ये फोटो काढून ठेवला की दुकानात किंवा ऑनलाइन मागवताना निम्मे घोटाळे तिथेच टळतात.

टायरच्या बाजूला ५७-५८४ असा आकडा असतो. पहिला भाग टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २६ इंची एमटीबीचा व्यास ५५९, २७.५ चा ५८४ आणि २९ चा ६२२. इंचांवर विसंबू नका. '२६ x १ ३/८' लिहिलेला टायर ५९० चा असतो, तो ५५९ च्या रिमवर बसत नाही. घरातल्या जुन्या काळ्या सायकलचा '२८ x १ १/२' हा ६३५ चा, म्हणजे २९ च्या एमटीबीपेक्षा मोठा. नावात २८ असून तो २९ पेक्षा मोठा, म्हणूनच दुकानात गोंधळ होतो.

मागच्या चाकावर फ्रीव्हील आहे की कॅसेट, हे सगळ्यांत महत्त्वाचं. चाक काढा, चकत्यांच्या मधोमध हत्यार अडकवायच्या खाचा दिसतील त्याकडे बघा आणि चकत्या उलट्या फिरवा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. चकत्या फिरल्या आणि खाचा जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील.

फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधलं आतलं अंतर मोजा. साध्या क्विक रिलीजच्या किंवा नटाच्या एमटीबीत ते १३५ मिमी असतं. जाड, आरपार जाणारा थ्रू-एक्सल असेल तर १४२ किंवा १४८. पुढे फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) १०० की ११०, आणि एक्सल ९ मिमीचा की १५ चा तेही लिहा. सीटपोस्ट बाहेर काढून त्याचा व्यास घ्या. पोस्टवर बहुधा तो कोरलेला असतो: २७.२, ३०.९, ३१.६. ०.४ मिमीचा फरकही चालत नाही. जाड पोस्ट आत जात नाही, बारीक पोस्ट चढावर घसरत खाली येतो आणि फ्रेमला चिरा पाडू शकतो. हँडलबार स्टेममध्ये (हँडल आणि फोर्क जोडणाऱ्या तुकड्यात) जिथे धरला जातो तिथे २५.४, ३१.८ की ३५, हेही त्याच कागदावर. रोटर (डिस्क ब्रेकची चकती) सहा बोल्टचा आहे की मध्ये एका रिंगने धरलेला, त्यावर १६० लिहिलंय की १८०, आणि 'रेझिन पॅड ओन्ली' असं काही कोरलंय का ते वाचा.

पहिला पैसा टायरवर

याच्याइतका फरक दुसऱ्या कुठल्याही पार्टने पडत नाही, आणि याच्या मागून फारसं काही येतही नाही. कारखान्यातून येणारा टायर बहुधा तारेच्या कडेचा, कडक रबराचा असतो. सह्याद्रीतल्या ओल्या काळ्या बेसॉल्टवर तो साबणासारखा घसरतो. पुढे मऊ रबराचा, कडेला उंच गुट्ट्या असलेला २.२५ किंवा २.३५ चा टायर घ्या. मागे थोडा सपाट, पटकन धावणारा चालतो. दोन्हीकडे एकच टायर लावायचा हट्ट नको. वळणावर पुढचं चाक निसटलं तर माणूस पडतो, मागचं निसटलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. बजेट एकाच चांगल्या टायरचं असेल तर तो पुढे लावा.

घेण्याआधी फ्रेम आणि फोर्कमध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी मोकळी जागा उरेल का ते पाहा. उन्हाळ्यात ३ मिमीवरही भागतं. जुलैत कोकणातली किंवा गोव्यातली लाल चिकणमाती त्या फटीत बसली की चाक ब्रेक लावल्यासारखं अडतं आणि फ्रेमचा रंग खरवडला जातो.

हवा किती, याचं उत्तर टायरवर लिहिलेला कमाल आकडा नव्हे. ७० किलोच्या माणसाला २.२५ च्या टायरमध्ये ट्यूब असताना पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआयपासून सुरुवात करता येईल. दगडावर आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडली, साप चावल्यासारखी, तर हवा कमी होती. दोन-दोन पीएसआयने वाढवा.

देशावर बाभूळ, वेडी बाभूळ आणि सराटे यांच्यापुढे ट्यूब टिकत नाही. तिथे ट्यूबलेस (ट्यूबऐवजी टायरमध्ये भोक बुजवणारं पातळ सीलंट) हा खरा उपाय आहे, पण त्याचीही शेपटी आहे: रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठी बनलेले हवेत. तारेच्या कडेच्या साध्या टायरवर हा प्रयोग करू नका. वळणावर कड सुटली तर हवा एका क्षणात जाते.

रिमची आतली रुंदी मोजा आणि त्यापेक्षा ४ ते ५ मिमी जास्त रुंद टेप घ्या. रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करा. टेप ताणून, बुडबुडा न ठेवता लावा आणि व्हॉल्व्हच्या भोकापुढे दहाएक सेंटिमीटर एकावर एक येऊ द्या. मग ट्यूब घालून टायर चढवा आणि ३५ पीएसआय हवा भरून रात्रभर ठेवा, म्हणजे टेप नीट दाबून बसते. ही पायरी बरेच जण गाळतात आणि नंतर आऱ्यांच्या भोकांतून सीलंट टपकत राहतं. सकाळी ट्यूब काढा, गरम केलेल्या सुईसारख्या टोकाने टेपला भोक पाडा (ब्लेडने कापलेली टेप पुढे फाटत जाते), व्हॉल्व्ह बसवा, त्याचा आतला कोअर काढा, टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावा आणि कॉम्प्रेसरने हवा सोडा. पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर चालतो, फक्त प्रेस्टा व्हॉल्व्हचा अडॅप्टर खिशात हवा. फट-फट असे आवाज येऊन कड बसते. मात्र रिम आणि टायरवर लिहिलेल्या कमाल हवेच्या वर जाऊ नका. कड बसली की कोअरच्या जागेतून सीलंट ओता: २९ x २.२५ ला पहिल्या वेळी १०० मिलीच्या आसपास, २७.५ ला ८० ते ९०. कोअर लावा, हवा भरा, चाक हलवा, मग दोन्ही कुशींवर थोडा-थोडा वेळ आडवं ठेवा.

लॅटेक्सचं सीलंट आपल्या उन्हात लवकर सुकतं. दर दोन-तीन महिन्यांनी कोअर काढून बारीक काडी घालून पाहा. काडी कोरडी आली तर पुन्हा ६० मिली. 'ट्यूबलेस असूनही पंक्चर झालं' ही तक्रार बहुतेकदा सुकलेल्या सीलंटची असते.

ब्रेक

ब्रेक कमकुवत वाटला की लगेच नवा सेट मागवू नका. आधी पॅड काढून पाहा. शिमानो कंपनीच्या पॅडवर घासणारा थर ०.५ मिमी उरला की ते संपलं. थर जाड असूनही ब्रेक किंचाळत असेल आणि धरत नसेल, तर चेनचं तेल रोटरवर गेलंय. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर ते सहसा परत येत नाही, बदला.

रेझिन पॅड शांत असतं आणि थंड असतानाही लगेच धरतं, पण पावसातल्या चिखलात वाळूच्या कागदावर घासल्यासारखं झिजतं. मेटल पॅड टिकतं, उष्णता सहन करतं, थोडं ओरडतं. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्याने मेटल घ्यावं. इथे शेपटी म्हणजे रोटर: 'रेझिन पॅड ओन्ली' कोरलेल्या मऊ रोटरवर मेटल पॅड लावलं तर रोटर वेगाने झिजतो. शिमानोचा नवा रोटर १.८ मिमी जाड असतो आणि १.५ ला तो काढून टाकायचा. वर्निअर इथेही कामाला येतो.

नवी पॅड किंवा नवा रोटर लावल्यावर घासून बसवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी २० किमीपर्यंत वेग घ्या, एकच ब्रेक दाबून चालण्याच्या वेगापर्यंत या, चाक लॉक होऊ देऊ नका. असं वीस वेळा पुढच्या ब्रेकने, वीस वेळा मागच्या. मग थोड्या जास्त वेगात दहा-दहा वेळा. हे न करता सिंहगड उतरायला गेलात तर पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि नव्या ब्रेकलाच नावं ठेवली जातात.

केबलच्या डिस्क ब्रेकवरून हायड्रॉलिकवर (तेलाच्या दाबाने चालणाऱ्या ब्रेकवर) जायचं असेल तर शिमानोचा एमटी२०० हा साधा, विश्वासू सेट आहे. तो घेण्याआधी तीन गोष्टी बघा. शिफ्टर ब्रेक लिव्हरशी जोडलेला असेल तर सुटा शिफ्टर घ्यावा लागेल. फ्रेम आणि फोर्कवर ब्रेकच्या कॅलिपरचे (पॅड बसतात त्या भागाचे) बोल्ट कोणत्या दिशेने जातात ते पाहा: दोन भोकांमधलं अंतर ७४ मिमी आणि आटे चाकाच्या दिशेने असतील तर पोस्ट माउंट, अंतर ५१ मिमी आणि भोकं आडवी आरपार असतील तर आयएस, त्याला अडॅप्टर लागतो. आणि होजची (तेलाच्या नळीची) लांबी हँडलपासून कॅलिपरपर्यंत, केबल जाते त्याच वाटेने दोरी लावून मोजा. हँडल पूर्ण वळवून मोजायला विसरू नका.

तेलाच्या बाबतीत एकच नियम, आणि तो मोडू नये. शिमानो आणि टेक्ट्रोमध्ये मिनरल ऑइल. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट ५.१, तर काही नव्या मॉडेलमध्ये मिनरल. लिव्हरच्या झाकणावर लिहिलेलं असतं. चुकीचं तेल गेलं की आतले रबरी सील फुगतात किंवा खराब होतात आणि ब्रेक टाकावाच लागतो. गाडीच्या गॅरेजमधलं ब्रेक ऑइल डॉट असतं, ते शिमानोत कधीच नको.

मोठा रोटर हा स्वस्त आणि परिणामकारक बदल आहे. १६० वरून १८० ला फक्त रोटर आणि २० मिमी वाढीचा अडॅप्टर लागतो. फोर्कला किती मोठा रोटर चालतो हे फोर्कच्या माहितीपत्रकात पाहूनच घ्या.

गिअर: जिथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात

गिअर नीट पडत नाहीत म्हणून डिरेलर बदलायला निघालेल्यांना सहसा नव्या केबलची गरज असते. स्टेनलेस स्टीलची १.२ मिमी आतली तार आणि ४ मिमीचं गिअरचं आउटर (तारेवरची नळी) घ्या. ब्रेकचं ५ मिमीचं आउटर गिअरला लावलं तर दाबाखाली त्याची लांबी बदलते आणि गिअर जागेवर बसत नाही. उलट, गिअरचं आउटर ब्रेकला लावणं धोक्याचं आहे: जोरात ब्रेक दाबल्यावर ते फाटू शकतं. आउटर कापल्यावर टोक कानशीने सपाट करा आणि आतली नळी सुईने मोकळी करा. एका पावसाळ्यानंतर एवढंच केल्यावर शिमानोच्या स्वस्त टर्नी मालिकेचा डिरेलरसुद्धा शहाण्यासारखा वागतो. तरीही बिनसलं तर डिरेलर जिथे लटकतो तो हँगर वाकलाय का ते मागून बघा. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, म्हणून सायकल विकत घेतानाच एक जास्तीचा घेऊन ठेवा. मॉडेल बंद झालं की तो शोधत फिरावं लागतं.

चढावर गिअर जड पडतो म्हणून 'वन-बाय' (पुढे एकच चक्र) हवं असेल तर आधी गणित मांडा. पुढच्या चकतीचे दाते भागिले मागच्या चकतीचे. पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४-२८ दात्यांच्या सायकलचा सर्वांत हलका गिअर २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. वन-बायमध्ये पुढे ३२ आणि मागे ४२ घेतलं तर ०.७६. आता जुन्याच चाकावर फक्त १४-३४ चं फ्रीव्हील चढवा: २४ भागिले ३४, म्हणजे ०.७१. फ्रीव्हील आणि चेनच्या पैशांत वन-बायपेक्षा हलका गिअर मिळतो. त्याची मर्यादाही सांगायला हवी. शिमानोच्या सात गिअरच्या त्या फ्रीव्हीलवर २४ नंतर थेट ३४ येतं, मधलं काहीच नाही, त्यामुळे शेवटची उडी मोठी लागते. पण पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या आखूड, उभ्या चढावर तीच उडी कामाची आहे.

डिरेलरला ते पेलेल का, हे दोन आकडे ठरवतात: त्याला चालणारी सर्वांत मोठी चकती आणि एकूण क्षमता. क्षमता म्हणजे मागच्या मोठ्या-लहान चकत्यांतला फरक अधिक पुढच्या चकत्यांतला फरक. वरच्या उदाहरणात २० अधिक १८, म्हणजे ३८. डिरेलरच्या मॉडेल नंबरवरून हे दोन्ही आकडे शिमानोच्या तक्त्यात मिळतात.

फ्रीव्हील काढायला १२ खाचांचं पुलर आणि लांब पाना लागतो. पॅडल मारून ते घट्ट होत गेलेलं असतं, हाताने सुटत नाही. पुलर बसवून त्यावर एक्सलचा नट हलकेच आवळा म्हणजे तो निसटून खाचा खाणार नाही. पाना डावीकडे, घड्याळाच्या उलट फिरवा. पहिला झटका बसला की नट सैल करा, मग पुढे. नवं चढवताना आट्यांना ग्रीस लावलंच पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी ते निघणार नाही.

वन-बाय नको असं नाही. दगडांवर चेन उड्या मारत नाही, पुढचा शिफ्टर जातो, डाव्या हाताला काम राहत नाही. पण ते करायचं तर पूर्ण करा. कॅसेटचा हब असलेलं मागचं चाक घेताना फ्रीहबचा (हबवर कॅसेट चढते त्या भागाचा) प्रकार बघा. शिमानोचा जुना एचजी फ्रीहब ८, ९, १० गिअरच्या कॅसेट घेतो आणि ११ गिअरची डिओर एम५१०० ची ११-४२ किंवा ११-५१ ही घेतो. ४.५ मिमीचं स्पेसर टाकून सात गिअरचीही बसते. १० दात्यांनी सुरू होणाऱ्या १२ गिअरच्या शिमानो कॅसेटला मायक्रोस्प्लाइन फ्रीहब लागतो, स्रॅमच्या तशा कॅसेटला एक्सडी. म्हणून १२ च्या मोहात पडण्यापेक्षा एचजीवर बसणारं ११, किंवा मायक्रोशिफ्टचा ९ गिअरचा अ‍ॅडव्हेंट, आपल्या वापराला शहाणपणाचा. कॅसेटच्या हबचा आणखी एक फायदा असा की उजवीकडचं बेरिंग फ्रेमच्या जवळ असतं. फ्रीव्हीलच्या हबमध्ये ते खूप आत असतं, म्हणून जड माणसाकडून एक्सल वाकतो.

शिफ्टर आणि डिरेलर एकाच घराण्याचे हवेत. शिमानो एमटीबीचे ७, ८ आणि ९ गिअरचे डिरेलर केबल सारख्याच प्रमाणात ओढतात, म्हणून ते एकमेकांत चालतात. १० चं प्रमाण वेगळं, ११ चं आणखी वेगळं. २०२३ मध्ये आलेल्या क्यूज मालिकेचा शिफ्टर जुन्या डिओरच्या डिरेलरशी जोडू नका. एक क्लिक एक चकती सरकवणार नाही, आणि कितीही स्क्रू फिरवले तरी ते जुळत नाही.

चेन नेहमी मागच्या गिअरच्या संख्येनुसार घ्या. लांबी अशी: चेन डिरेलरमधून न नेता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून गुंडाळा, टोकं जिथे भेटतात त्याच्यापुढे एक इंच, म्हणजे एक जाड आणि एक बारीक कडी, जास्त ठेवून तोडा. जुनी चेन ९ गिअरपर्यंत ०.७५ टक्का आणि ११-१२ ला ०.५ टक्का ताणली की बदला. उशीर केला तर नवी चेन जुन्या कॅसेटवर जोर लावल्यावर उडी मारते, आणि कॅसेटचा खर्च वाढतो.

हात, पाय आणि फोर्क

पिना असलेले सपाट पॅडल आणि बोल्टने धरणाऱ्या ग्रिप्स, दोन्ही बहुतेक एमटीबींना बसतात. पॅडलच्या डाव्या बाजूला उलटे आटे असतात: डावं पॅडल घड्याळाच्या उलट दिशेने आवळतं. इथे जोर केला तर क्रँकचे आटे जातात. ग्रीस लावून आधी हाताने चार फेरे फिरवा, मग पाना घ्या.

फोर्क सगळ्यात शेवटी. स्वस्त स्प्रिंगच्या फोर्कवरच्या बटणाने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त सुरुवातीचा दाब वाढतो. हवेचा फोर्क आपल्या वजनानुसार बसवता येतो, हा खरा फरक. पण स्टीअरर (फ्रेममध्ये शिरणारी फोर्कची नळी) सरळ की खाली जाड होत जाणारा, एक्सल ९ चा की १५ चा, हबची रुंदी किती, यातलं एक जरी वेगळं निघालं तरी पुढचं चाक किंवा हेडसेट (स्टीअररची बेरिंगं) बदलावा लागतो. शिवाय फोर्कचा प्रवास (दबण्याची लांबी) २० मिमीने वाढला की हँडलखालच्या नळीचा कोन सुमारे एक अंशाने मागे झुकतो आणि फ्रेमच्या पुढच्या जोडावर ताण वाढतो. फोर्क, चाक आणि हेडसेट मिळून सायकलच्या निम्म्या किमतीवर जात असतील, तर ते पैसे बाजूला ठेवून पुढची सायकल आधीपासून चांगल्या फोर्कची घ्या.

पार्सल आलं की बसवण्याआधी कागदावरचं माप आणि पार्टवर कोरलेलं माप जुळवा. ग्रीस लागलेला पार्ट दुकान परत घेत नाही. आवळायचा जोर (टॉर्क) असा: कॅसेटची लॉकरिंग ४० न्यूटन-मीटर, पॅडल ३५ ते ४०, कॅलिपरचे बोल्ट ६ ते ८, शिमानोच्या सहा बोल्टच्या रोटरला ४ पर्यंत, तेही समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने. टॉर्क रेंच नसेल तर ओळखीच्या मेकॅनिककडून रोटर आणि स्टेम तरी आवळून घ्या. पहिल्या ५० किलोमीटरनंतर केबलचा ताण आणि सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा.